वाटेच्या मापाची गाडी

बगदाद शहरातून पश्चिमेकडे निघणाऱ्या रस्त्यावर आमची बस थोडा वेळ थांबली होती. समोर एक पाटी होती. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला अरबी पाट्या दिसल्या की राहवत नाही. अर्थ लागो न लागो, अक्षरे जुळवून वाचायचा मोह होतोच. आम्ही अम्मींना वाचून दाखवले, "फलूजा, रमादी, रुतबा."

"आणि रुतबाच्या पुढे काय?" अम्मींनी विचारले.

"पुढे वाळवंट, आणि वाळवंटापलीकडे शाम. दमिश्क."

"मग आपण याच वाटेने दमिश्कला का जात नाही? विमान कशाला?"

आमच्या जत्थ्याचे म्होरके भाई हसले. म्हणाले, "अम्मी, या वाटेने जियारतवाले जात नाहीत. आपला बंदोबस्त विमानाचाच असतो." अम्मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता जात नसतील. पूर्वी जात असतील ना?"

त्या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत शोधाशोध केली. उत्तर मिळाले, आणि त्याबरोबर एक अशी हकीकत मिळाली की ती वाचकांना सांगितल्याशिवाय चैन पडेना. ही हकीकत त्या वाटेची आहे आणि त्या वाटेसाठी मुद्दाम बनवून घेतलेल्या गाड्यांची आहे.

मुंबईमार्गे जाणारी पत्रे

दमिश्क ते बगदाद हे अंतर साधारण साडेआठशे ते नऊशे किलोमीटर. आपल्या मुंबईहून नागपूरला जावे, जवळपास तेवढेच. पण मधल्या मुलखात ना गाव, ना झाड, ना नदी. अरबीत याला बादियतुश्शाम, म्हणजे शामचे वाळवंट म्हणतात. शतकानुशतके उंटांचे काफिले ही वाट चालत आले. काफिल्याला कित्येक आठवडे लागत. म्हणून बरेच लोक सरळ न जाता उत्तरेकडून, फुरात नदीच्या काठाकाठाने वळसा घालून जात. वाट लांब पडे, पण पाणी मिळे.

पहिले महायुद्ध संपले आणि उस्मानी सल्तनतीचे हे प्रांत वाटले गेले. शाम फ्रान्सच्या ताब्यात गेला, इराक इंग्रजांच्या. एकाच राज्याची दोन शहरे आता सरहद्दीच्या दोन बाजूंना आली. इराकचा कारभार तर इतका हिंदुस्थानशी बांधलेला होता की बगदादच्या बाजारात १९३२ पर्यंत आपला रुपयाच चालत होता. बगदादहून लंडनला पत्र पाठवायचे तर ते आधी बसऱ्याला जाई, तिथून आगबोटीने मुंबईला, आणि मुंबईहून दुसऱ्या बोटीने विलायतेला. म्हणजे पश्चिमेला जाणारे पत्र आधी पूर्वेला आपल्याकडे येई! यात कित्येक आठवडे जात.

सरळ वाट होती. तिच्यावरून जाईल अशी गाडी नव्हती, आणि वाट दाखवणारा माणूस मोटारवाल्यांच्या ओळखीचा नव्हता.

आधी माणूस, मग मोटार

न्यूझीलंडमधल्या ब्लेनहाइम गावचे दोन भाऊ, नॉर्मन आणि जेराल्ड नेर्न, महायुद्धात सैनिक म्हणून फिलिस्तीनच्या आघाडीवर आले होते. युद्ध संपल्यावर ते तिथेच राहिले. बैरूतमध्ये मोटारी विकण्याचा धंदा करून पाहिला, तो बुडाला. मग त्यांनी बैरूत आणि हैफा यांच्यामध्ये भाड्याच्या मोटारी चालवल्या. त्या चालल्या.

१९२३ मध्ये दमिश्कमधल्या इंग्रज वकिलाच्या पुढाकाराने वाळवंट ओलांडून पाहायचे ठरले. इथे या हकीकतीतला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस येतो. शेख मुहम्मद इब्न बस्साम हे दमिश्कचे व्यापारी. वाळवंटातल्या टोळ्यांशी त्यांचे जुने संबंध होते. या वाटेने माल आणि सोने नेण्याचा अनुभव होता. कुठली दरी कोरडी आहे, कुठल्या सपाटीवर पाऊस पडला की चिखल होतो, कुठल्या विहिरीवर कोणाचा हक्क आहे, हे त्यांच्या वर्तुळातल्या लोकांना पाठ होते. नेर्न बंधूंनी त्यांच्याशी करार केला. शेखसाहेबांना मोबदला मिळायचा आणि त्यांच्या शब्दावर टोळ्यांनी गाड्यांना वाट द्यायची.

एप्रिल १९२३ मध्ये मोटारींचा पहिला ताफा दमिश्कहून निघाला आणि तीन दिवसांत बगदादला पोचला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून टपालाची नियमित सेवा सुरू झाली. बगदादचे पत्र मुंबईचा फेरा चुकवून नऊ-दहा दिवसांत लंडनला पोचू लागले.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. शाळेत मुलांना चित्र काढायला सांगा, ती तसेच काढतील. पण ही वाट वाळूची नाही. बहुतेक भाग कडक माती आणि बारीक खडीचा, टेबलासारखा सपाट. कोरड्या दिवसात त्यावर मोटार भरधाव जाते. त्रास तीन गोष्टींचा. पहिला, दिशा. खूण म्हणून काहीच नाही आणि दुपारी मृगजळ. दुसरा, पाऊस. एक सर आली की तीच कडक माती साबणासारखी होते आणि चाके रुततात. तिसरा, गाडीची प्रकृती. उष्णतेने रेडिएटर उकळतो, हादऱ्यांनी स्प्रिंगा तुटतात, आणि जवळचे गॅरेज चारशे किलोमीटरवर. म्हणून गाड्या एकेकट्या जात नसत. ताफ्याने जात, पाणी, पेट्रोल आणि सुटे भाग बरोबर घेऊन.

नेर्न बंधूंनी बऱ्याच कंपन्यांच्या मोटारी वापरून पाहिल्या. शेवटी मोठ्या, मजबूत कॅडिलॅक गाड्यांवर त्यांचा भरवसा बसला. पण कॅडिलॅक ही अमेरिकेच्या डांबरी रस्त्यांसाठी घडवलेली श्रीमंतांची गाडी. ती वाळवंटात चालली हे तिचे कौतुक. वाळवंटासाठी ती बनलेली नव्हती.

करार मोडला तेव्हा

१९२५ च्या उन्हाळ्यात शाममध्ये फ्रेंच राजवटीविरुद्ध मोठा उठाव झाला. ऑक्टोबरमध्ये फ्रेंचांनी खुद्द दमिश्क शहरावर तोफा आणि बॉम्ब चालवले. जुन्या शहराचा मोठा भाग जळाला. वाळवंटाच्या वाटेवर ताफे लुटले जाऊ लागले. गाड्या त्याच होत्या, ड्रायव्हर त्याच तयारीचे होते, पेट्रोल तेवढेच होते. पण ज्या शब्दावर वाट उघडी होती तो शब्द पाळायला आता कोणी मोकळे नव्हते.

नेर्न बंधूंना वाट बदलावी लागली. गाड्या जेरुसलेम आणि अम्मानमार्गे जाऊ लागल्या. त्या बाजूला काळ्या लाव्ह्याच्या दगडांचा मुलूख आहे. मैलोन्‌मैल नुसते दगड. तिथे गाड्यांची हाडे खिळखिळी झाली. उठाव शमल्यावर दमिश्कची वाट पुन्हा धरली गेली.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहिला, कारण पुढची सगळी हकीकत गाड्यांच्या सुधारणेची आहे. ती वाचताना वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

इंडियानापोलिसचे शिंपी

प्रवासी वाढले तशा कॅडिलॅक अपुऱ्या पडू लागल्या. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सहा चाकांच्या मोठ्या बसगाड्या आल्या. इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती १९२८ मध्ये पहिल्यांदा बगदादला गेल्या त्या नेर्नच्याच बसने. पुढे त्यांनी 'द गेट ऑफ बगदाद' ही रहस्यकथा याच वाळवंटी बसमध्ये घडवली.

पण बस मोठी झाली की वजन वाढते, आणि वजन वाढले की चिखलात रुतणे वाढते. इथे अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातली एक कंपनी पुढे आली. तिचे नाव मार्मन-हेरिंग्टन.

यातले मार्मन घराणे जुने मोटार बनवणारे. १९११ मध्ये इंडियानापोलिसची पाचशे मैलांची पहिली प्रसिद्ध शर्यत जिंकली ती मार्मन कंपनीच्या 'वास्प' गाडीने. पण १९२९ नंतर अमेरिकेत मंदी आली. महागड्या मोटारी घेणारे उरले नाहीत, आणि १९३३ पर्यंत मार्मन मोटार बंदच पडली. त्या पडत्या काळात, १९३१ मध्ये, वॉल्टर मार्मन यांनी आर्थर हेरिंग्टन या इंजिनियरशी भागीदारी केली. हेरिंग्टन जन्माने इंग्रज. अमेरिकी लष्करासाठी ट्रकांचे आराखडे करण्याचा त्यांना अनुभव होता. त्यांचे म्हणणे साधे होते. शौकाच्या गाड्या पुरे, आता जिथे रस्ता नाही तिथे जाणाऱ्या गाड्या बनवू. पहिले काम मिळाले ते विमानांना इंधन भरणाऱ्या ३३ लष्करी ट्रकांचे.

या गाड्यांचे मर्म सर्व चाकांना ताकद देण्यात होते. साध्या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके नुसती ढकलली जातात. रेतीत किंवा चिखलात ही पुढची चाके नांगराच्या फाळासारखी जमिनीत घुसतात, आणि मागची जागच्या जागी फिरून आपलाच खड्डा खोदतात. पुढच्या चाकांनाही ताकद दिली तर ती स्वतः वर चढून बाहेर येतात. ऐकायला सोपे. पण पुढच्या चाकांना वळावेही लागते. वळता वळता फिरण्याची ताकद झटके न देता चाकापर्यंत पोचवायची, हे अवघड. त्यासाठी खास सांधा लागतो, आणि ताकद पुढे-मागे वाटून देणारी वेगळी पेटी लागते. हेच काम या कंपनीने नेटाने केले.

आमच्या घरात शिवणयंत्र होते. अम्मी दोन प्रकारची कामे घेत. कोणी कापड आणून दिले की अंगाचे माप घेऊन नवा कपडा शिवत. कोणी बाजारातला तयार कपडा आणला की तो उसवून, दाबून, त्या माणसाच्या मापाचा करून देत. मार्मन-हेरिंग्टनचे काम हुबेहूब असेच होते. १९३५ पासून ते फोर्ड कंपनीचा साधा तयार ट्रक घेत, त्याखाली आपला पुढचा चालता आस आणि ताकद वाटणारी पेटी बसवत, आणि तो चारी चाकांचा करून देत. मोठ्या गिऱ्हाइकांसाठी मात्र अख्खी गाडी मापाने घडवत.

अशा मोठ्या गिऱ्हाइकांत इराकची पेट्रोलियम कंपनी होती. १९३२ ते १९३४ या काळात किरकूकच्या तेलविहिरींपासून भूमध्य समुद्रापर्यंत नळ टाकला गेला. त्याचा एक फाटा हैफाला, दुसरा लेबनॉनच्या त्रिपोलीला. पोलादी नळांचे प्रचंड तुकडे बिनरस्त्याच्या वाळवंटात वाहून न्यायला सहाही चाकांना ताकद असलेले मार्मन-हेरिंग्टनचे ट्रक होते. आणि १९३४ च्या सुमारास दुसरे गिऱ्हाईक आले नेर्न.

चाकांवरची खोली

नेर्नसाठी जी गाडी बनली ती दोन भागांची होती. पुढे ओढणारे इंजिन, मागे जोडलेला प्रवाशांचा लांबलचक डबा. आपल्याकडे हमरस्त्यावर ट्रेलर दिसतात, तसाच जोड. याचे फायदे लक्षात घ्या. इंजिनाची धग, धूर आणि घरघर पुढेच राहते. वजन अनेक चाकांवर वाटले जाते. आणि इंजिन बिघडलेच तर डबा तसाच ठेवून दुसरे इंजिन जोडता येते.

१९३७ मध्ये याहून पुढचे पाऊल पडले. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने नेर्नसाठी स्टेनलेस स्टीलचे डबे बनवले. आपल्या घरात स्टीलची भांडी नंतर कितीतरी वर्षांनी आली. त्या काळी या धातूची गाडी म्हणजे नवलच. बड कंपनीने १९३४ मध्ये याच धातूची झेफिर नावाची चकाकती आगगाडी बनवून अमेरिकेला थक्क केले होते. स्टेनलेस स्टील जोडताना फार तापले तर त्याचा गंज न धरण्याचा गुण जातो. बडच्या कारागिरांनी क्षणार्धात पुरा होणारा विजेचा जोड शोधून ही अडचण सोडवली. पत्रा पातळ पण पन्हाळीदार असे, त्यामुळे हलका आणि भक्कम. रंग लावायची गरज नाही, म्हणजे वाळूने रंग खरवडला जाण्याची भीतीही नाही.

हे डबे वातानुकूलित होते. खिडक्या बंद राहत, त्यामुळे वाळवंटाचा खरा शत्रू, म्हणजे कपड्यांत, डोळ्यांत, अन्नात शिरणारी बारीक धूळ, बाहेरच राही. ज्या वाटेला काफिल्याचे आठवडे लागत, पहिल्या मोटारींचे तीन दिवस लागले, तीच वाट आता एका रात्रीची झाली. दुपारी दमिश्क सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी बगदाद गाठायचे.

मधला मुक्काम म्हणजे तीच आमच्या पाटीवरची रुतबा. तिथे विहिरी होत्या, म्हणून १९२० च्या दशकात किल्लेवजा चौकोनी इमारत उभी राहिली. आत पोलीस, बिनतारी संदेशाचे यंत्र, आणि मुसाफिरांसाठी जेवणघर. विमाने तिथे इंधनाला उतरत, बसगाड्या जेवणाला थांबत. चारशे किलोमीटरच्या अंधारानंतर एकदम दिवे, गरम जेवण, हात-तोंड धुवायला पाणी. त्या काळच्या मुसाफिरांना ती जागा किती प्रिय वाटली असेल, याची कल्पना रात्रीच्या एसटीने लांबचा प्रवास केलेल्या कोणालाही येईल.

रुतबाच्या पुढे

मे १९४१ मध्ये इराकचे सरकार आणि इंग्रज यांच्यात लढाई जुंपली, आणि त्याच रुतबाच्या किल्ल्यावर बॉम्ब पडले. जिथे ताटे मांडली जात तिथे बंदुका आल्या. इंग्रजांची फौज बगदादकडे निघाली ती याच वाटेने. टपालासाठी शोधलेली वाट फौजांनाही तितकीच सोयीची होती.

मार्मन-हेरिंग्टनचेही तेच झाले. युद्धात दक्षिण आफ्रिकेने हजारो चिलखती गाड्या बनवल्या. त्यांचा सांगाडा फोर्डचा आणि चाकांना ताकद देणारी यंत्रणा मार्मन-हेरिंग्टनची. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्या लढल्या. स्वतः हेरिंग्टन १९४२ मध्ये हिंदुस्थानातही येऊन गेले. युद्धासाठी इथल्या कारखान्यांचे उत्पादन कसे वाढवावे हे पाहायला अमेरिकेने जे तांत्रिक मंडळ पाठवले होते, त्याचे ते सदस्य होते.

युद्ध संपल्यावर लष्करी मागणी आटली. कंपनी शहरांतल्या विजेच्या तारेखाली चालणाऱ्या ट्रॉलीबस बनवू लागली. जिथे रस्ता नाही तिथे जाणाऱ्या गाड्यांचे कारागीर आता तारेला बांधलेल्या गाड्या करत होते, आणि त्याही शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत चांगल्या चालल्या. साठच्या दशकात मालकी बदलली. कंपनी नाहीशी मात्र झाली नाही. पुढे केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात तिचे जुने काम सुरू राहिले. दुसऱ्यांच्या तयार ट्रकांना पुढचा चालता आस बसवून देणे, म्हणजे तेच शिंपीकाम.

नेर्नची बस मात्र थांबली. विमाने स्वस्त होत गेली. १९४८ नंतर हैफाची बाजू तुटली. सरहद्दींवरचे वेळोवेळचे झगडे वाढले. १९५० च्या दशकात ही सेवा बंद पडली. पुढे पक्का हमरस्ता झाला. आता वाळवंट ओलांडायला खास गाडीची गरज उरली नाही, कोणतीही साधी बस जाऊ शकते. पण २००३ च्या युद्धापासून ही वाट धोक्याची झाली. २०१४ मध्ये रुतबा दहशतवाद्यांच्या हाती गेली आणि २०१६ मध्ये इराकी सैन्याने ती परत घेतली. तिथल्या सामान्य माणसांनी या वर्षांत काय सोसले असेल, ते आपण घरात बसून वाचणारे काय सांगणार?

हिशेब मांडून पाहिला तर मन चक्रावते. १९२३ मध्ये रस्ता नव्हता, गाडी कमकुवत होती, पण शेखसाहेबांचा शब्द होता, आणि पत्र पोचत होते. १९३७ मध्ये रस्ता नव्हता, पण वाटेच्या मापाची गाडी होती आणि वाट मोकळी होती. माणूस थंड हवेत बसून एका रात्रीत पोचत होता. आज रस्ता आहे, गाडी आहे, इंधन आहे, नकाशा प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. आणि आमच्यासारखे तीस जण पाटी वाचून विमानतळाकडे वळतात.

इंडियानापोलिसच्या आणि फिलाडेल्फियाच्या कारागिरांचे कौतुक कमी करण्याचा आमचा हेतू नाही. चिखल, धूळ, ऊन, हादरे, या सगळ्यांना त्यांनी उत्तर शोधले. ते उत्तर इतके चोख होते की नव्वद वर्षांनंतरही वाचताना हेवा वाटतो. पण १९२५ ला जे अडले त्याला त्यांच्या कारखान्यात भाग मिळत नव्हता. वाटेवर राहणाऱ्या लोकांची घरे जळत असताना त्यांच्या दारावरून मुसाफिर सुखाने जाऊ शकत नाही. ही गोष्ट इब्न बस्साम यांच्यासारख्या व्यापाऱ्याला कोणत्याही इंजिनियरइतकीच पक्की ठाऊक असणार.

हे सगळे आम्ही अम्मींना एका दुपारी सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. स्टीलच्या डब्याची गोष्ट त्यांना फार आवडली. दोनदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे लोक जात होते ना? मी म्हटलेच होते."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बेटा, ज्या अर्थी एकदा जात होते, त्या अर्थी पुन्हा जातील. आपण नाही गेलो तर मुले जातील. त्या रुतबाच्या लोकांसाठी दुआ करत जा."

ती पाटी आम्ही मोबाइलमध्ये टिपून आणली आहे. यंदा आठवीच्या वर्गात वाळवंटाचा धडा येईल तेव्हा मुलांना दाखवू, आणि आधी त्यांनाच विचारू, रुतबाच्या पुढे काय आहे?